पिवळी लाइन

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
आम्ही नऊजण पबच्या माडीवर जमतो.
खालून तळलेल्या कांद्याचा वास,
वर शहरात दडलेल्या जादूची पुस्तकं:
कौन्सिलच्या नोकरीतली चेटकीण, पेन्शनीला आलेला राक्षस,
पुलाच्या कमानीतून उघडणारं दुसरं न्यूकॅसल.

आज वाद पेटला हेडलीबाईंच्या कादंबरीवरून.
त्यात एक भूत आहे. दिसत नाही, चावत नाही,
नुसतं फिरवतं.
तुम्ही मेट्रोत बसता, डोळा लागत नाही,
तरी मॉन्युमेंट पुन्हा येतं. आणि पुन्हा.

नॉर्मन टेटने एकतीस वर्षं मेट्रो हाकली.
तो म्हणाला, भूत कसलं, पिवळी लाइन आहे ती.
समुद्रापर्यंत जाते, वळते, स्वतःलाच ओलांडते,
एकाच स्टेशनात दोनदा थांबते.

चोरलंय, ग्लेनिस म्हणाली.
तिच्याकडे वही आहे, रकाने आखलेली:
कुणी, कुणाचं, कोणत्या साली.
तिच्या मते हे आलं अमेरिकेतून,
बंद पडलेल्या कुठल्याशा मासिकातून.
ओलूची म्हणाली, छे,
एनुगूला आमच्या ड्रायव्हरला झालं होतं अगदी असंच,
पेट्रोल संपलं तेव्हा सुटला.
मग काय, नॉर्मन म्हणाला,
सगळ्यांनी सगळ्यांना पैसे द्यायचे?

मी गप्प. चिप्स खात होते.
कारण भूत माझं होतं.
म्हणजे चकवा.

तीन वर्षांपूर्वी, ह्याच टेबलाशी,
हेडलीबाई अजून छापून यायच्या होत्या,
त्यांना मी सांगितलेले आमचे सावंतवाडीचे टायपिंगचे सर:
रात्री बांद्याहून सायकलने परतताना
तेच काजूचं झाड सात वेळा.
शेवटी उतरले, विडी पेटवली,
उजाडेपर्यंत जागचे हलले नाहीत.
चकव्याला उपाय तेवढाच. बसून राहायचं.

पण बाई पुढे वाकल्या होत्या, ग्लास हातात तसाच,
आणि गोष्ट तिथे संपवणं
पाहुण्याला रिकामी बशी दिल्यासारखं झालं असतं.
म्हणून म्हटलं, मग सरांनी सदरा काढला,
उलटा करून घातला,
आणि रस्ता समोर.

पान दोनशे बारा.
शेवटच्या गाडीत नायिका रेनकोट उलटा करते
आणि गेट्सहेड येतं.

हे मात्र अस्सल, ग्लेनिस म्हणाली,
हे इथलं नव्हे.
बघा, आभारांत लिहिलंय,
भारतातल्या प्राचीन परंपरेनुसार.
वहीत तिने लिहिलं: भारत.
खाली दोन रेघा.

ती प्राचीन परंपरा मी उचलली होती
बायकरच्या वाचनालयाबाहेर, दहा पेन्सच्या खोक्यातून.
मुखपृष्ठ फाटलेली पुस्तिका:
डेव्हनच्या माळावर बुटक्या पऱ्या वाट चुकवतात,
तेव्हा म्हाताऱ्या कोट उलटा घालतात.
डेव्हन. इथून मोटारीने साडेसहा तास.
कुणाची म्हैस, कुणाला उठाबशी.

हे तुमच्याकडचंच ना, ओलूचीने विचारलं.
मी हो म्हटलं.
गेलंच तोंडातून.

(सर विडी ओढत नसत, खरं तर.
ती मी आत्ता घातली.)

परतताना मॉन्युमेंटला चुकीच्या फलाटावर उभी राहिले,
आलेल्या गाडीत चढले.
बायकर तिकडून दोन स्टेशनं,
इकडून अख्खा किनारा.
कळलं तेव्हा जेस्मंड गेलं होतं.
उतरले नाही.
कोट मांडीवर, सुलटा.
टाइनमथला दार उघडलं, खारा वारा आत आला,
कुणीतरी ओला कुत्रा घेऊन चढलं.
बसून राहिले.

पाऊण तासाने बायकर आलं,
उलट्या बाजूने.